गावच्या शिळेवर फक्त आकडा आहे; त्यामागची नावे कशी शोधावीत?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा बसवलेली आहे. तिच्यावरचा इंग्रजी मजकूर इतकाच आहे की, या गावातून अमुक पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. पहिला आकडा मोठा आहे, दुसरा एका हाताच्या बोटांवर मोजता येईल असा आहे, आणि नाव एकही नाही. याच साच्याच्या शिळा साताऱ्यात आणि कोकणात अनेक गावांत आहेत. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. तिथले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आल्याचे नेहमी सांगितले जाते.

आता चावडीची डागडुजी होणार आहे आणि शिळेशेजारी नावांचा फलक लावावा असे ग्रामसभेत ठरले आहे. नावे शोधण्याचे काम आमच्या शाळेतील एका शिक्षकांकडे आणि माझ्याकडे आले. गावात विचारले, तर ‘आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ असे सांगणारी घरे निघाली, परंतु अशा घरांची संख्या शिळेवरील दुसऱ्या आकड्यापेक्षा जास्त भरते. दुसरीकडे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (महायुद्धांतील मृत सैनिकांच्या समाध्या आणि नोंदी सांभाळणारा आयोग) याच्या संकेतस्थळावर गावाचे नाव घालून शोधले, तर हाती आलेल्या नोंदी त्या आकड्यापेक्षा कमी आहेत. या दोन याद्यांचा मेळ कसा घालावा आणि फलकावर नाव कोरण्यापूर्वी कोणता पुरावा पुरेसा मानावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

बेळगावी चौक

उत्तम विषय. सर्वप्रथम शिळेवरील वर्षांकडे आणि आयोगाच्या वर्षांकडे नीट पाहावे. आयोग पहिल्या महायुद्धाचा काळ ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ असा धरतो, तर आपल्या शिळा १९१९ वर थांबतात. त्यामुळे युद्ध संपल्यावर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) किंवा वायव्य सरहद्दीवर मेलेला एखादा जवान आयोगाच्या नोंदीत असेल आणि शिळेच्या आकड्यात नसेल, हे शक्य आहे.

दुसरी गोष्ट पलटणींची. त्या काळी ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ अशी एक रेजिमेंट नव्हती. १०३, १०५ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११४, ११६ व ११७ मराठा अशा स्वतंत्र पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीखाली एकत्र आल्या. शिवाय १०७ पायोनियर्ससारख्या पलटणींत आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्येही आपली माणसे होती. तेव्हा केवळ ‘मराठा’ या शब्दावर शोध थांबवलात, तर निम्मी वाट चुकेल.

आडनावावरून शोधणे तर सोडूनच द्या. त्या कारकुनांनी शिंदेचे सिंदे, पवारचे पोवार आणि जाधवचे जादो केलेले आढळते. पुष्कळ ठिकाणी आडनावच नाही. जवानाचे नाव, ‘अमक्याचा मुलगा’, गाव, तालुका आणि जिल्हा एवढीच नोंद असते. म्हणून एकेका पलटणीची संपूर्ण यादी उतरवून घ्यावी (संकेतस्थळ ती तक्त्याच्या रूपात देते) आणि मग ‘अधिक माहिती’ या रकान्यातील गावाच्या नावावरून ती लावून पाहावी. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारांनी होऊ शकते, ते डोळ्यांनी पाहिल्यावरच लक्षात येते. यंत्राला ते सापडत नाही.

कोकणी चिंच

बेळगावी चौक यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते. जिल्ह्याचे नाव आजच्या नकाशावरून ठरवू नये. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते, जे १९४९ मध्ये दक्षिण साताऱ्यात आणि पुढे सांगलीत गेले. आमच्याकडचा रायगड हा कुलाबा होता आणि सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. सावंतवाडी, फलटण, औंध, भोर, जत ही संस्थाने होती, म्हणून तिथल्या जवानाच्या पत्त्यात जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव येऊ शकते. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव अशी नावे असतील, तर तालुका जुळल्याशिवाय नोंद आपल्या गावाची आहे असे मानूच नये.

दुसऱ्या महायुद्धातील माणसे शोधणे मला तुलनेने सोपे गेले. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत कामी आले आणि त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे, कारण त्यांची ज्ञात समाधी नाही. याच वाटेने आमच्या वाडीतल्या एका जवानाचेही नाव मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत मात्र नोंद मिळाली तरी तिच्या टोकाला ‘बसरा स्मारक’ एवढेच दिसते आणि त्यापुढे काय शोधायचे ते कळेनासे होते.

बेळगावी चौक

बसऱ्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण साताऱ्याच्या आणि रत्नागिरीच्या बहुतेक शोधांची वाट तिथूनच जाते.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. कूत-अल-अमारा येथे या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार जण कैद झाले. त्यांत लढाऊ शिपायांबरोबर भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले असे फॉलोअरही होते. पुढे वाळवंटातून झालेल्या पायपिटीत आणि रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर यांतले कितीतरी जण उपासमारीने आणि रोगाने गेले. त्यामुळे या तीन पलटणींतील एखाद्या जवानाची मृत्युतारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल, तर तो रणांगणावर नव्हे तर कैदेत मेला असण्याची शक्यता आधी तपासावी. घरी जी गोष्ट सांगितली जाते तिच्याशी हे अनेकदा जुळत नाही. घरी ‘लढाईत पडला’ असे सांगितलेले असते आणि कागदावर आजार निघतो.

बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले आणि १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटरवर नेण्यात आले. ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे. आता यातली खरी मेख पाहा. त्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, पण हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने स्मरण केले गेले. म्हणजे गावच्या चावडीत आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच. या दोन आकड्यांच्या मधल्या प्रवासात नाव फक्त कागदी नोंदवहीत उरले, आणि आज संकेतस्थळावर आपण जे वाचतो ते त्या नोंदवहीतून आलेले आहे. त्यामुळे स्मारकाचे छायाचित्र मिळवण्यासाठी धडपडू नये. त्यात आपल्या माणसाचे नाव मिळणार नाही.

इतर ठिकाणी असे नव्हते. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि कामगारांची नावे कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, त्यांत वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेले जवान आहेत. इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर मेलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफिक येथे होते. ते इस्रायल-इजिप्त संघर्षात उद्ध्वस्त झाल्यावर ती नावे कैरोच्या हेलिओपोलिस येथील समाधिस्थळी नेली गेली.

खडकीच्या युद्धसमाधिस्थळाविषयी एक गैरसमज आढळतो म्हणून लिहितो. तिथल्या १९१४–१९१८ च्या स्मारकावर हिंदुस्थानात मृत्यू पावलेल्या आणि इथल्याच नागरी व छावणीच्या दफनभूमींत पुरलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे आहेत. मेसोपोटेमियात गेलेला आपला शिपाई तिथे शोधू नये.

संगर

मला एक वेगळा प्रश्न उपस्थित करायचा आहे. यादी करताना गावातील कोणत्या घरांना विचारले गेले? ‘गावातून इतके पुरुष गेले’ या आकड्यात गावकुसाबाहेरची घरे धरलेली असू शकतात, आणि आजच्या शोधात मात्र चौकशी मराठा भावकीपाशी थांबते, असे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती, पण १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडली. त्याखेरीज मजूर, हमाल, झाडूवाले, मोची, खेचरवाले म्हणून गेलेले लोक होतेच. हे लोक बंदुकीने मेले नाहीत, पण मेले त्याच वाळवंटात.

या निमित्ताने एक जुने उदाहरण आठवते. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि ‘नाक’ या शेवटावरून त्यांतली २२ नावे महारांची म्हणून ओळखता येतात. एका शतकानंतर त्याच साम्राज्याने गावागावांत शिळा बसवल्या आणि त्यांवर नावे कोरण्याची गरज त्याला वाटली नाही. आयोगाच्या यादीत शोधताना हा ‘नाक’ शेवट तुम्हांलाही उपयोगी पडेल, इंग्रजी अक्षरांत तो कसाही लिहिलेला असला तरी.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

संगर साहेब, तुमचा मुद्दा रास्त आहे. आम्ही आरंभ केला तो पाटील-भावकीकडूनच, कारण शिळेची माहिती त्यांच्याकडे होती. पूर्वी आमच्या मौजेत असलेल्या दोन वाड्या आता स्वतंत्र महसुली गावे झाल्या आहेत, तिथे आणि बौद्धवस्तीत आता रीतसर फिरू. चावडीवर बसून ‘कोणाकडे माहिती असल्यास कळवावे’ असे पुकारून काही होत नाही, हे मात्र पटले आहे.

मोडीवाचक

लष्करी बाजूचे सगळे सांगून झाले आहे, म्हणून गावच्या कागदांविषयी लिहितो. माझ्या मते खरा मेळ तिथेच बसतो.

गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल पुस्तक म्हणतो, त्यात परदेशी झालेला मृत्यू बहुधा सापडणार नाही. तिथे गावात घडलेले जन्ममृत्यू आहेत. त्याऐवजी फेरफार नोंदवही पाहावी. शेतकऱ्याच्या नावावर जमीन असेल, तर तो गेल्यावर वारसाची नोंद करावीच लागे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यापासून आली, त्यामुळे १९१५ ते १९२५ या काळातील वारस फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळण्याची चांगली शक्यता असते. अशा नोंदीत मृताचे नाव, वडिलांचे नाव, वारसाशी नाते आणि कधीकधी ‘लढाईवर मयत’ असे एखादे शब्दयुग्मही आढळते. मजकूर मोडीत असेल तर त्याची नीट छायाचित्रे काढून मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा. अंदाजाने वाचू नये, कारण घाईने लिहिलेल्या मोडीत एक आडनाव दुसऱ्यासारखे दिसते.

सर्वांच्या नावावर जमीन नव्हती, आणि एकत्र कुटुंबात ती थोरल्याच्या नावावर असे. तिथे फेरफार मुका राहतो. मग घरातल्या वस्तूंकडे वळावे लागते. पदक उरले असेल तर त्याची कड भिंगाखाली वाचा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढाऊ शिपायाला ते चांदीचे मिळे आणि मजूर व फॉलोअर वर्गाला काशाचे, म्हणून धातूवरूनही माणूस कोणत्या कामावर होता ते समजते. चांदीची पदके दुष्काळात सोनाराकडे गेली. काशाची मात्र देवघरात किंवा ट्रंकेत पडून राहिलेली मी पाहिली आहेत. मृताच्या घरी साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडीही येत असे. तिच्यावर हुद्द्याशिवाय नुसते नाव असते, क्रमांक नसतो, त्यामुळे ओळख पटवायला ती पदकाइतकी कामाची नाही. ती खिडकीला आडण म्हणून किंवा वजन म्हणून वापरलेली असण्याचीही शक्यता धरा.

यापलीकडे आपल्या रूढींनी ठेवलेला पुरावा आहे आणि त्याकडे अभ्यासक फारसे पाहत नाहीत. देह मिळाला नाही अशा माणसासाठी पालाशविधी (पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधी) केला जाई. निपुत्रिक गेलेल्याचा टाक करून देवघरात ठेवला जाई. आजही काही घरांत कुळदेवतांच्या टाकांशेजारी एक टाक असतो आणि तो कोणाचा हे फक्त घरच्या म्हाताऱ्या बाईला माहीत असते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव व गावानिशी घराण्यांच्या नोंदी असतात, आणि एखाद्याचे क्रियाकर्म करायला घरचे कोणी गेले असेल तर मृताचे नाव तिथे उतरलेले असू शकते. तुमच्या बाजूला हेळवी (घरोघर फिरून घराण्याची वंशावळ सांगणारे) येत असतील, तर त्यांच्याकडची वंशावळही ऐकून घ्या. ही साधने तारखेच्या बाबतीत कच्ची आणि नात्याच्या बाबतीत पक्की असतात. लष्करी नोंदीचे नेमके उलटे.

सह्यकडा

पंजाबच्या शिपायांच्या नोंदी ऑनलाइन आल्याचे वाचले होते. त्यांचा आपल्याला उपयोग होईल का?

बेळगावी चौक

नाही. लाहोर संग्रहालयात सापडलेल्या आणि २०२१ मध्ये संकेतस्थळावर खुल्या झालेल्या त्या नोंदवह्यांत सुमारे ३ लाख २० हजार जणांची माहिती आहे, पण ती पंजाबच्या गावांची आहे. आपल्यासाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधील डब्ल्यूओ ९५ ही मालिका, म्हणजे पलटणींच्या युद्धदैनंदिन्या, अधिक उपयोगाची आहे. त्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या असल्यामुळे जखमी अधिकाऱ्याचे नाव येते आणि शिपायांचा आकडा येतो. तरीही मृत्युतारीख हाती असेल, तर त्या दिवशी पलटण कुठे होती आणि काय घडले हे कळते, आणि घरच्या गोष्टीशी ते ताडून पाहता येते.

तरणा गडी

सर्वांची माहिती मोलाची आहे, पण मला थोडे व्यवहाराचे बोलायचे आहे. मीही त्याच पंचक्रोशीतला आहे. येत्या ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, फलकाचे अनावरण करावे असे सरपंचांचे मत आहे. ज्या घरांनी नावे दिली ती कोरून टाकावीत. शंभर वर्षांनी पुरावा मागत बसलो, तर ही पिढीही निघून जाईल. चार नावे जास्त लागली तर कोणाचे काय बिघडणार आहे?

बेळगावी चौक

बिघडते, कारण दगडावर कोरलेले नाव पुढे स्वतःच पुरावा होते. एकदा फलक लागला की पुढचा शोधक त्याच फलकाचा दाखला देईल आणि चूक कायमची होईल. घरच्यांचा हेतू शुद्ध असतो, पण ‘बसऱ्याला गेला तो आला नाही’ याचे अर्थ अनेक असतात. कोणी परतून मुंबईच्या गिरणीत लागला आणि गावाशी संबंध तुटला, कोणी १९१८ च्या इन्फ्लुएंझात छावणीत गेला, कोणी आजोळच्या किंवा सासुरवाडीच्या गावातून भरती झाला आणि त्याची गणती त्या गावच्या शिळेत झाली. धोंडी, गणू, बाळू ही नावे तर एकेका भावकीत तीन-तीन असत.

मी सुचवतो तो नियम साधा आहे. एक पुरावा लष्करी बाजूचा असावा आणि एक गावच्या बाजूचा, आणि दोहोंत वडिलांचे नाव जुळावे. दोन्ही पुरावे एकाच बाजूचे असतील, तर त्यांना एकच धरावे. संगर यांच्या मुद्द्यामुळे यात एक सवलत ठेवावी लागेल. फॉलोअर आणि मजुरांच्या लष्करी नोंदीच अपुऱ्या आहेत. आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात मान्य केले की, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, पण केवळ तेच नव्हेत, अशा किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावानिशी किंवा मुळीच स्मरण झालेले नाही आणि ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत असू शकते. ज्यांची नोंद ठेवलीच गेली नाही त्यांच्याकडे नोंद मागणे म्हणजे तोच अन्याय पुन्हा करणे. अशांसाठी पदक, टाक आणि दोन स्वतंत्र घरांची साक्ष जुळली तर नाव घ्यावे. असा पुरावा जमल्यास तो आयोगाकडेही पाठवावा. सुटलेली नावे आणि दुरुस्त्या ते तपासणीनंतर स्वीकारतात.

कोकणी चिंच

तरणा गडी, ७ डिसेंबरचा कार्यक्रम रद्द करण्याचे काहीच कारण नाही. पटलेली नावे त्या दिवशी लावावीत आणि फलकाच्या खाली पुढील नावांसाठी कोरी जागा सोडावी. आमच्या वाडीत आम्ही पाथरवटाला तसेच सांगितले होते, आणि वर्षभराने कोयनेच्या विस्थापितांपैकी, आता ठाणे जिल्ह्यात असलेल्या एका घराने आपल्या माणसाचे पदक आणून दाखवले. गाव सोडून गेलेल्यांना अशा कार्यक्रमाची बातमी जाते, हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग.

तरणा गडी

कोरी जागा सोडण्याची कल्पना सरपंचांना सांगतो. ती ग्रामसभेत मान्य होईल असे वाटते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बेळगावी चौक यांचा दोन पुराव्यांचा नियम आणि त्यातली सवलत आम्ही स्वीकारत आहोत. न जुळलेली नावे, ती कोणी सांगितली आणि काय जुळले नाही, हे सर्व एका वहीत लिहून ती ग्रामपंचायतीत ठेवू, म्हणजे पुढच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. शिळेवरील दुसऱ्या आकड्याइतकीच नावे भरली पाहिजेत हा हट्टही सोडतो, कारण तो आकडा कोणी आणि कशावरून काढला हेच आमच्याकडे लिहिलेले नाही.

मोडीवाचक, तहसीलमधून वारस फेरफारांच्या नकला मिळताच त्यांतल्या मोडी पानांची छायाचित्रे तुम्हांला व्यक्तिगत संदेशाने पाठवतो. आणि येत्या महिन्यात कोणी नाशिकला जाणार असल्यास कृपया कळवावे. आमच्या गावाच्या वह्या ज्या उपाध्यायांकडे आहेत त्यांना विचारायची आडनावे आणि वर्षे लिहून देतो.